नव्या जपानी स्पोर्ट्‌स कारची बातमी वाचावी कशी

एखादी जपानी कंपनी नवी स्पोर्ट्‌स कार आणणार अशी कुणकुण लागली, की आठवडाभरात चाहत्यांचे तट पडतात. गाडीचे वजन कोणालाच ठाऊक नसते, इंजिन कोणते हेही ठरलेले नसते, तरी ती प्रतिस्पर्ध्याला धूळ चारणार की नाही याचा निकाल मात्र लागून गेलेला असतो. बाजारात तुरी असतानाच हे भांडण करण्यात गंमत आहे, हे मी नाकारत नाही. परंतु ज्याला हाती येणाऱ्या गाडीचा अंदाज खरोखर बांधायचा आहे, त्याने एक साधी वही घ्यावी आणि तिच्यात तीन रकाने आखावेत: कंपनीने काय दाखवले, काय सांगितले आणि काय पक्के म्हणून लेखी दिले. पुढे जे सांगतो आहे ते सर्व या तीन रकान्यांत काय आणि कसे भरावे याविषयीच आहे.

पहिली नोंद प्रतिस्पर्ध्याची करावी. जपानी स्पोर्ट्‌स कार क्वचितच पोकळीत जन्माला येते. बहुतेक वेळा ती कोणाच्या तरी गाडीला दिलेले उत्तर असते, आणि ते उत्तर कोणत्या मैदानावर द्यायचे आहे हे कळले की निम्मी गाडी कळते. मित्सुबिशीची लान्सर इव्होल्यूशन आणि सुबारूची इम्प्रेझा डब्ल्यूआरएक्स यांची चढाओढ जागतिक रॅली स्पर्धेत चालली होती. त्या काळच्या ग्रुप ए नियमांनुसार शर्यतीत उतरवायची गाडी ठरावीक संख्येने रस्त्यासाठीही बनवावी लागे. त्यामुळे रॅलीच्या अभियंत्यांना जे हवे असे ते थोड्याच दिवसांत विक्रीच्या गाडीत दिसे, आणि म्हणूनच १९९२ ते १९९९ या काळात इव्होल्यूशनच्या एकाहून एक सुधारित अशा सहा पिढ्या आल्या. अशा गाडीची पुढची आवृत्ती ओळखायची असेल, तर कंपनीच्या जाहिरातीपेक्षा शर्यतीची नियमावली वाचलेली बरी.

आजही ही युक्ती उपयोगी पडते. टोयोटाने जानेवारी २०२२ मध्ये टोकियो ऑटो सलोन या प्रदर्शनात एक लांब नाकाची गाडी दाखवली आणि तिला ‘जीआर जीटी३ कॉन्सेप्ट’ असे नाव दिले (जीआर म्हणजे गाझू रेसिंग, टोयोटाचा शर्यतविभाग). जीटी३ हा शर्यतीचा वर्ग रस्त्यावरच्या गाड्यांवर आधारलेला असल्यामुळे, ते नाव वाचणाऱ्याला तेव्हाच कळायला हवे होते की हिच्यामागे रस्त्यावरची एक भावंड गाडीही येणार. डिसेंबर २०२५ मध्ये जीआर जीटी आणि जीआर जीटी३ या दोन्ही गाड्या एकत्रच जाहीर झाल्या.

दुसरी नोंद प्रदर्शनात ठेवलेल्या गाडीवरच्या पाटीची करावी, आणि तीवरचा शब्द अक्षरशः उतरवून घ्यावा. ‘कॉन्सेप्ट’ (नुसती कल्पना दाखवणारी गाडी) आणि ‘प्रोटो’ (उत्पादनाच्या जवळ पोहोचलेला नमुना) यांत मोठे अंतर असते. निस्सानने जीटी-आर कॉन्सेप्ट २००१ मध्ये दाखवली, जीटी-आर प्रोटो २००५ मध्ये, आणि आर३५ या पिढीची जीटी-आर प्रत्यक्ष विक्रीला आली २००७ च्या डिसेंबरात. निस्सानचीच झेड प्रोटो सप्टेंबर २०२० मध्ये दिसली आणि जवळपास तशीच गाडी पुढच्या ऑगस्टमध्ये अधिकृतपणे जाहीर झाली. याउलट टोयोटाच्या एफटी-१ कॉन्सेप्टपासून जीआर सुप्रापर्यंत पोहोचायला जानेवारी २०१४ ते जानेवारी २०१९ अशी पाच वर्षे गेली. होंडाची प्रेल्यूड २०२३ मध्ये कॉन्सेप्ट म्हणून आली आणि सप्टेंबर २०२५ मध्ये जपानमध्ये विकूही लागली, म्हणजे कॉन्सेप्ट लवकर रस्त्यावर येतच नाही असेही नाही. माझा ठोकताळा असा, की पाटीवर ‘प्रोटो’ असेल तर वर्ष-दोन वर्षे धरावीत आणि ‘कॉन्सेप्ट’ असेल तर कोणतीच तारीख धरू नये.

माझ्यासारख्या रोटरी इंजिनाच्या (पिस्टनऐवजी फिरत्या रोटरवर चालणाऱ्या इंजिनाच्या) भक्तांनी हा ठोकताळा वहीच्या पहिल्या पानावरच लिहून ठेवावा. माझदाने २०१५ मध्ये आरएक्स-व्हिजन दाखवली, २०२३ मध्ये आयकॉनिक एसपी दाखवली आणि २०२५ मध्ये व्हिजन एक्स-कूपे दाखवली. तिन्ही देखण्या होत्या. रोटरी इंजिनाच्या आरएक्स-७ चे उत्पादन मात्र २००२ मध्येच थांबलेले आहे.

चित्र पाहताना सर्वांत आधी किरकोळ वस्तूंकडे पाहावे. बाजूचे आरसे काडीएवढे बारीक आहेत का, दाराला मूठ आहे का, पुढे क्रमांकाची पाटी लावायला जागा ठेवली आहे का, बॉनेट आणि मडगार्ड यांच्यामधली फट कारखान्यात जमेल अशी आहे की हाताने घासून केलेली, हे प्रश्न कंटाळवाणे वाटतात. पण गाडी कारखान्याच्या किती जवळ पोहोचली आहे ते यांवरूनच कळते. हवा आत-बाहेर जाण्याच्या झडपाही अशाच तपासाव्यात. जीआर सुप्रा बाजारात आली तेव्हा तिच्या बॉनेटवरच्या, दारांवरच्या आणि दिव्यांजवळच्या बऱ्याचशा झडपा काळ्या प्लास्टिकने बुजवलेल्या निघाल्या. शर्यतीसाठी गाडी तयार करताना त्या उघडता येतील, असा खुलासा मुख्य अभियंता तेत्सुया तादा यांनी केला. खुलासा पटण्यासारखा होता. तरीही चित्रातल्या झडपेची नोंद ‘दाखवले’ याच रकान्यात राहायला हवी, तिच्यावरून इंजिनाच्या थंडाव्याचे गणित मांडायला बसू नये.

आता आकड्यांकडे वळू. नवखा वाचक पहिली चूक येथेच करतो, कारण तो अश्वशक्तीचा आकडा एकटाच वाचतो. १९८९ पासून जपानी कंपन्यांमध्ये एक अलिखित समजूत होती, की देशात विकल्या जाणाऱ्या गाडीची ताकद २८० पीएसपेक्षा (पीएस म्हणजे अश्वशक्तीचेच मेट्रिक माप) जास्त छापायची नाही. २००४ मध्ये होंडाची लेजंड ३०० पीएस घेऊन आली तेव्हा ती समजूत मोडली. मधल्या काळातली माहितीपत्रके चाळली तर होंडाची एनएसएक्स, टोयोटाची सुप्रा, निस्सानची स्कायलाइन जीटी-आर अशा सगळ्यांच्या पुढे २८० हाच आकडा दिसतो. १९९३ च्या सुप्राचे २जेझेड-जीटीई इंजिन जपानमध्ये २८० पीएसचे म्हणून विकले जाई, तर टर्बो आणि इंधनपुरवठा यांत फरक असलेली त्याचीच अमेरिकी आवृत्ती ३२० अश्वशक्तीची होती.

आकडा बहुतेकांचा सारखाच असल्यामुळे खरी स्पर्धा सरकली वजनाकडे, आणि म्हणून वजनाला ताकदीने भागण्याची सवय लावून घ्यावी. १९९० ची एनएसएक्स अ‍ॅल्युमिनियमच्या सांगाड्यामुळे १,३५० किलोची होती. २८० ने भागल्यास दर पीएसमागे सुमारे ४.८ किलो येतात; हा भागाकार जितका कमी तितके बरे. आर३२ पिढीची स्कायलाइन जीटी-आर चारही चाकांना ताकद देणारी यंत्रणा घेऊन १,४३० किलोवर गेली, म्हणजे ५.१ किलो. आणि १९९१ च्या आरएक्स-७ जवळ २५५ पीएसच होते, पण ती १,२५० किलोची असल्यामुळे भागाकार ४.९ वर येतो. कागदावर २५ पीएसने मागे असलेली गाडी भागाकारात जीटी-आरच्या पुढे गेली. अर्थात ओल्या वळणावर चार चाकांची पकड काय करते ते या भागाकारात दिसत नाही, त्यामुळे शेजारी कोणती चाके फिरतात तेही लिहावे.

फेरीच्या वेळेबाबत विशेष सावध राहावे. जर्मनीतला न्युर्बुर्गरिंग हा ट्रॅक जपानी कंपन्यांनीही आपली तालीम मानला आहे, आणि नव्या मॉडेलच्या बातमीबरोबर तिथली एखादी वेळ हमखास येते. होंडा सिव्हिक टाइप आरने २०१७ मध्ये ७ मिनिटे ४३.८० सेकंद अशी वेळ दिली, आणि २०२३ मध्ये तिच्या पुढच्या पिढीने ७ मिनिटे ४४.८८१ सेकंद. वरवर पाहता नवी गाडी एका सेकंदाने मागे पडली. पण जुनी वेळ २०.६ किलोमीटरच्या अंतराची आहे आणि नवी वेळ २०.८३२ किलोमीटरच्या पूर्ण फेरीची. वाढीव २३२ मीटर कापायला नव्या गाडीच्या सरासरी वेगाने साधारण पाच सेकंद लागतात. म्हणजे नवी गाडी प्रत्यक्षात बरीच वेगवान ठरते. त्यातही टायर मूळ होते की जादा पैसे मोजून घ्यायचे होते, हे पाहावे लागते. अंतर, टायर आणि वर्ष या तीन गोष्टी सोबत नसतील, तर ती वेळ वहीत उतरवूच नये.

इंजिन कोणाचे, या प्रश्नावर चाहते सर्वांत जास्त चिडतात. जीआर सुप्रा बीएमडब्ल्यूबरोबर विकसित झाली, तिचे सहा सिलिंडरांचे इंजिन बीएमडब्ल्यूचे आहे आणि ती ऑस्ट्रियातील ग्रात्स येथे तयार झाली, म्हणून तिला परकी ठरवणारे आजही भेटतात. माझे मत वेगळे आहे: कमी खपाची गाडी एकट्याने काढणे परवडत नसेल तेव्हा भागीदारी हीच ती गाडी जन्माला येण्याची अट असते, आणि टोयोटा ८६ व सुबारू बीआरझेड या जोडीने २०१२ मध्ये ते दाखवूनही दिले होते. म्हणून भागीदाराचे नाव कळले की नाक मुरडण्यापूर्वी त्याच्याकडचे कोणते इंजिन लांबीला आणि उंचीला त्या बॉनेटखाली बसेल ते पाहावे. भाकीत बहुतेक वेळा तिथेच जमते.

कंपनीच्या पत्रकातली क्रियापदे सावकाश वाचावीत. ऑगस्ट २०२५ मध्ये निस्सानच्या तोचिगी येथील कारखान्यात शेवटची आर३५ तयार झाली तेव्हा निस्सानने जीटी-आर हे नाव परत येईल असे सांगितले, पण निश्चित आराखडा अद्याप नाही हेही त्याच दमात सांगितले. पहिले वाक्य सगळीकडे पसरले. वहीत दोन्ही वाक्ये ‘सांगितले’ या रकान्यात शेजारीशेजारी हवीत.

सध्या माझ्या वहीत जीआर जीटीचे पान उघडे आहे. चार लिटरचे दोन टर्बो असलेले व्ही८ इंजिन आणि त्याच्या जोडीला हायब्रिड मोटर, ‘६५० पीएस किंवा अधिक’, ‘१,७५० किलो किंवा कमी’, विक्री २०२७ च्या सुमारास. भागाकार २.७ किलोच्या जवळ येतो. मात्र हे आकडे कंपनीनेच विकासाची उद्दिष्टे म्हणून दिले आहेत, त्यामुळे ते मी दुसऱ्या रकान्यात पेन्सिलीने लिहिले आहेत आणि त्यांच्यासमोरचा तिसरा रकाना कोरा ठेवला आहे.