सायकलला वायरलेस ग्रुपसेट (केबलऐवजी बॅटरी आणि रेडिओ सिग्नलवर चालणारा गिअर सेट) घ्यावा का, हे ठरवायचं कसं?

आधी आहे त्या सायकलच्या गिअर केबल आणि आउटर (केबलवरची नळी) बदला आणि हँगर (मागचा डिरेलर फ्रेमला जोडणारा तुकडा) सरळ आहे का ते चेक करून घ्या. चेन खरखरतेय, गिअर उशिरा पडतोय, हे बरेचदा त्यामुळेच असतं आणि हँगर वाकडा असेल तर महागडा डिरेलरही (चेन एका चक्रावरून दुसऱ्यावर नेणारा भाग) नीट चालणार नाही.

तरीही मन तिकडेच ओढत असेल तर व्हील बघा, कारण खरा खर्च इथे लपलेला असतो. स्रॅमच्या 12 स्पीड रोड एएक्सएसची (त्यांचा वायरलेस सेट) 10 दातांपासून सुरू होणारी कॅसेट (मागच्या दातेरी चक्रांचा संच) एक्सडीआर नावाच्या फ्रीहब बॉडीवरच (हबचा कॅसेट बसते तो भाग) बसते, ती बॉडी तुमच्या हबला मिळत नसेल तर मागचं व्हीलही घ्यावं लागेल. शिमानोची 12 स्पीड रोड कॅसेट 11 स्पीडच्या फ्रीहबवर बसते, पण त्यांच्या 12 स्पीड रोड डीआय2 (इलेक्ट्रॉनिक सेट) मध्ये फक्त शिफ्टर वायरलेस, दोन्ही डिरेलर वायरने आतल्या बॅटरीला जोडलेले. रिम ब्रेक असेल तर अजून जपून, नवे सेट बहुतेक डिस्कचेच.

स्पीड वाढेल म्हणून घेऊ नका, नाही वाढत. बोटं दुखतात, केबल हँडलबारच्या आतून जातात, सायकल सारखी खोलून पॅक करता, तर मात्र पैसे वसूल! चार्जिंगची फार धास्ती नको, स्रॅममध्ये मागची बॅटरी संपली तर पुढच्या डिरेलरची काढून मागे लावायची आणि घरी यायचं. एकच विचार नक्की करा, सायकल आपटून मागचा डिरेलर तुटला तर तो परत घ्यायला जमेल का? नसेल जमत तर मेकॅनिकलच (केबलवर चालणारा) ठेवा.