ड्राटहारची वसंतातली परीक्षा: आदल्या रात्रीची तयारी

जर्मनीत ड्राटहारचं, म्हणजे तारेसारख्या केसांच्या जर्मन शिकारी कुत्र्याचं, पिल्लू घेतलं की पुढच्या वसंतात तरुण कुत्र्यांची परीक्षा येतेच. तिथे तिला 'फाउ-योट-पे' (जर्मन नावाची आद्याक्षरं, VJP) म्हणतात. सकाळी धावपळ नको, बॅग रात्रीच भरा.

आधी कागद. वंशावळीचा मूळ दाखला (झेरॉक्स नेऊ नका), रेबीजच्या लशीची नोंद असलेला कुत्र्याचा पासपोर्ट आणि तुमचा शिकारीचा परवाना. कुत्र्याच्या कातडीखालच्या चिपचा नंबर दाखल्याशी ताडून पाहा. मग बंदूक आणि छर्‍याची काडतुसं, कारण कुत्रा शेतात मोकळा पळत असताना बार काढून तो दचकतो का हे पाहतात.

खरा जीव दोरीत असतो. सगळे ओळीने शेत तुडवत जातात, ढेकळांतून ससा उठतो. तुमच्या कुत्र्याचं तोंड तेवढ्यात दुसरीकडे वळवा. ससा दिसता कामा नये, फक्त वास मिळाला पाहिजे. ससा दिसेनासा झाला की त्याच्या मागावर कुत्र्याला लावायचं. लांब दोरी पट्ट्याच्या कडीतून दुहेरी ओवलेली असते. दोन्ही टोकं हातात धरून थोडं चालायचं, नाक जमिनीला चिकटलं की एक टोक सोडायचं आणि दोरी सरकन निघून जाते. म्हणून तिला गाठ नको, टोकाला फास तर मुळीच नको. रात्री अंगणात चारदा ओढून पाहा. माग आणि नाक यांचे गुण दुप्पट धरतात, त्यामुळे इथे अडकलात तर शोध आणि शिकारीचा वास लागताच रोखून उभं राहणं कितीही छान होवो, भरपाई अवघड.

अंगावरून हात फिरवून गोचीड, काटे काढा. केस दोन ते चार सेंटिमीटरचे, तारेसारखे. ग्रिफॉन, श्टिखेलहार, पुडेलपॉइंटर आणि कुर्टसहार या शिकारी कुत्र्यांच्या जातींच्या मिश्रणातून ही जात आली. १९०२ मध्ये स्थापन झालेल्या ड्राटहार क्लबचं धोरणच 'कामगिरीतून रूप', तेव्हा शाम्पू करून नटवू नका. पण दात, डोळे, अंगातले दोष परीक्षक पाहतात, म्हणून जबडा उघडून दाखवायची सवय असू द्या.

शिट्टी गळ्यात अडकवा. घरी 'ये' आणि शेतात 'हिअर' (जर्मनमध्ये 'इकडे') असा घोळ नको. बदक नको, पाण्यातलं काम शरदातल्या परीक्षेत. तरी दोन जुने टॉवेल घ्याच: पाणी प्यायलं की याची दाढी अर्धा वाडगा तुमच्या मांडीवर आणून ओतते.