चीज व्हॅक्यूम पॅक करून मुरवायचंय? मग आधी ही तयारी करा

घरी गौडा नाहीतर चेडर बनवताय आणि ते महिनोन्महिने मुरवायचंय तर चीजला लावायला मेण वितळवण्याच्या भानगडीत न पडता सरळ व्हॅक्यूम पॅक करा, आपल्याकडच्या हवेत तेच सोयीचं पडतं. फक्त एक गोष्ट डोक्यात पक्की ठेवा, पिशवी बंद झाली की आतलं पाणी आतच राहणार, मीठ आहे तेवढंच राहणार आणि कडवटपणा असेल तर तोही कुठे जाणार नाही. उघड्यावर मुरणारं चीज हळूहळू सुकतं, त्यात थोडं इकडेतिकडे झालेलं सावरून जातं. पिशवीत ती सवलत नाही. म्हणून खरी तयारी मशीनचं बटण दाबायच्या बरीच आधी सुरू होते.

पहिलं म्हणजे चीज कुठलं ते बघा. चेडर, गौडा, कोल्बी, माँटेरे जॅक पिशवीत मस्त मुरतात. कॅमेम्बर, ब्री, ब्लू चीज अजिबात घालू नका कारण त्यांच्या बुरशीला हवा लागते. एमेंटलमध्ये भोकंच मुळात गॅसने पडतात, तेव्हा त्याची फुगायची वेळ संपल्यावरच पिशवीचा विचार करा. आणि पनीर किंवा ताजं मोझरेला व्हॅक्यूम करून बाहेर ठेवायचं कधीच नाही, ओलावा भरपूर, मीठ आणि आंबटपणा कमी, हवा नाही आणि वर उबदार जागा, बोट्युलिझमच्या (जीवघेण्या अन्नविषबाधेच्या) जंतूला याहून काय पाहिजे. ते फ्रीजमध्ये ठेवा आणि लवकर संपवा.

मग दूध. 63 अंशाला 30 मिनिटं धरून पाश्चराइज केलेलंच घ्या, उकळलेलं नको, त्याचं कर्ड (दुधाचा गोठलेला भाग) नीट घट्ट होत नाही, आणि कच्च्या दुधाचं चीज पॅक केलं म्हणजे सुरक्षित झालं असं तर मुळीच समजू नका, लिस्टेरिया नावाच्या घातक जंतूला फ्रीजची थंडीही चालते आणि हवा नसली तरी चालतं. दूध थेट गोठ्यावरून आणत असाल तर अजून एक विचाराच, जनावरांना मुरघास (हवाबंद करून आंबवलेला चारा) घालतात का. मुरघासातून क्लॉस्ट्रिडियम जंतूंचे बीजाणू दुधात येतात, पाश्चरायझेशनने ते मरत नाहीत आणि काही आठवड्यांनी ते चीजच्या आत गॅस करायला लागतात, मग पिशवी फुगते, व्हीलला (चीजच्या गोल वडीला) भेगा पडतात आणि कुजकट वास येतो. इटलीत पार्मिजानो रेज्जानो या चीजसाठी दूध देणाऱ्या गायींना मुरघास चालतच नाही त्याचं मोठं कारण हेच. आपल्याकडे गोठ्यागोठ्यावर मुरघास वाढलाय, शेतकऱ्याला तो परवडतो, त्यात काही चूक नाही, पण दोन-चार महिने मुरवायच्या चीजसाठी हिरव्या-सुक्या चाऱ्यावरचं दूध मिळालं तर तेच घ्या.

बनवतानाच व्हील नेहमीपेक्षा थोडं कोरडं काढायचं, कर्ड जरा जास्त वेळ ढवळा, प्रेसमध्ये (कर्ड दाबायच्या साच्यात) वजन हळूहळू वाढवा म्हणजे बाहेर फटी राहत नाहीत. रेनेट (दूध गोठवणारं एन्झाइम) मोजूनच घाला, जास्त रेनेट आणि जास्त ओल एकत्र आली की कडूपणा ठरलेला. चेडरला कर्डच्या वजनाच्या साधारण 2 टक्के मीठ, गौडा असेल तर मिठाच्या पाण्यात बुडवून.

आता सुकवणं, आणि यात घाई करणारे सगळ्यात जास्त. व्हील प्रेसमधून किंवा मिठाच्या पाण्यातून काढलं की जाळीवर ठेवा, खालून हवा खेळली पाहिजे, ताटात ठेवलंत तर खालची बाजू ओलीच राहते. दिवसातून दोनदा उलटायचं. जागा 10 ते 13 अंशांची असेल तर उत्तम, 2 ते 5 दिवस लागतात. पावसाळ्यात मुंबई-कोकणात बाहेर सुकायची आशा सोडा, फ्रॉस्ट-फ्री फ्रीजमध्ये ठेवा, पण त्याची हवा इतकी कोरडी असते की उघडं ठेवलं तर साल तडकते, म्हणून झाकण तिरकं ठेवलेल्या मोठ्या डब्यात ठेवा. झालं की नाही हे हाताने कळतं, कोरड्या साबणाच्या वडीवरून बोट फिरवल्यासारखं लागलं पाहिजे, चिकट नाही आणि ओलसर गारवाही नाही. शंका असेल तर किचन टॉवेल गुंडाळून रात्रभर ठेवा, सकाळी टॉवेलवर ओलं वर्तुळ दिसलं की अजून एक दिवस थांबा. मधे कुठे बुरशीचा ठिपका आला तर व्हिनेगर आणि मिठाच्या पाण्यात पिळलेल्या फडक्याने पुसायचं आणि परत सुकवायचं.

मशीन घरगुती पट्टीवालं असेल तर जाळीदार नक्षीच्या पिशव्याच लागतात, साध्या गुळगुळीत पिशवीतून ते हवा नीट ओढत नाही, त्या चेंबरवाल्या (अख्खी पिशवी आत ठेवायच्या) मशीनसाठी. नायलॉनचा थर असलेल्या फूड-ग्रेड घ्या, साध्या पॉलिथीनमधून ऑक्सिजन हळूहळू आत जातो. रुंदीचा हिशोब सोपा आहे, व्हीलचा व्यास अधिक उंची आणि वर 3-4 सेंमी, म्हणजे 13 सेंमी व्यास आणि 7 उंचीचं किलोभराचं व्हील असेल तर 24 सेंमीची पिशवी. लांबी मात्र सढळ ठेवा, वर निदान 8 सेंमी जास्त, कारण मधे उघडून परत सील करायची वेळ येते आणि तेव्हा नवी पिशवी वाया जात नाही.

पॅक करायच्या दिवशी आधी लेबल, पिशवी रिकामी असतानाच त्यावर तारीख, चीज, दूध कुठलं, कल्चर (चीजचं विरजण) आणि वजन मार्करने लिहा. हात, ओटा स्वच्छ. व्हीलच्या कडेला प्रेसच्या कापडाची टोकदार किनार राहिली असेल तर सुरीने काढून टाका, तीच पिशवीला भोक पाडते. पिशवीचं तोंड बाहेरून दुमडून मग व्हील आत सरकवा, सीलच्या जागी तुपकट हात किंवा मीठ लागलं तर सील धरत नाही. दमट दिवसांत थंड व्हील बाहेर काढल्या काढल्या त्याला घाम फुटतो, तेव्हा सगळं मांडून ठेवा, मगच व्हील काढा, एसीची खोली असेल तर तिथेच करा. अर्ध्या सेंमीच्या अंतराने दोन सील मारा. 24 तासांनी पिशवी चिमटीत धरून बघा, सैल झाली असेल तर कुठेतरी गळती आहे, नवीन पिशवी.

ठेवायला 10 ते 13 अंश, छोटा वाइन कूलर मिळाला तर सोनं, साध्या फ्रीजमध्ये 4 अंशाला मुरतं पण फारच सावकाश. लाइट जाणाऱ्या भागात रिकाम्या जागी पाण्याच्या बाटल्या भरून ठेवा, तापमान धरून राहतं. आठवड्यातून एकदा उलटा. पिशवीत चमचाभर पाणी जमलं तर कापा, पुसा, दिवसभर सुकवा, परत सील. गौडाची पिशवी किंचित सैल होणं चालतं, त्याच्या कल्चरमधून थोडा गॅस सुटतोच, पण पहिल्या काही दिवसांतच टम्म फुगली आणि चीज दाबल्यावर स्पंजसारखं लागलं तर चव न घेता टाकून द्या. जुन्या चेडरवर पांढरे कडक कण दिसले तर घाबरू नका, ते बहुतेक कॅल्शियम लॅक्टेटचे असतात, बुरशी मऊ आणि केसाळ असते.

गौडा 2 महिन्यांनी, चेडर निदान 3 महिन्यांनी उघडा. उघडल्या उघडल्या जरा कोंदट आंबूस वास येतो, तासभर ताटात मोकळं राहू द्या, मग कापा, आणि उरलेल्या व्हीलचे आठवड्यात संपतील एवढे तुकडे करून वेगवेगळे पॅक करा, फ्रीजरमध्ये टाकू नका, भुगा होतो.