आरएस-४८५ ची केबल टाकताय? या चुका टाळा

आरएस-४८५ म्हणजे मीटरचं रीडिंग ए आणि बी या दोन वायरींवरून कॉम्प्युटरपर्यंत नेणारी लाइन. "रीडिंग येईना, सॉफ्टवेअर बघा" असा फोन आला की मी लॅपटॉपच्या आधी मल्टीमीटर पिशवीत टाकतो. दोष बहुतेक वेळा केबलमध्येच सापडतो.

आरएस-२३२, म्हणजे कॉम्प्युटरच्या जुन्या सिरियल पोर्टची लाइन, शंभर मीटर ओढू नका. पंधरा मीटरच्या पुढे तिचा भरवसा नाही. "आमच्याकडं चालतंय की" म्हणणाऱ्यांनी शेजारी वेल्डिंग सुरू होईपर्यंत थांबावं.

खरं डोकं फिरतं ते टोकावरून सिग्नल उलटा फिरू नये म्हणून ए-बीमध्ये लावतात त्या १२० ओहमच्या रेझिस्टरवरून. जालन्याच्या एका री-रोलिंग मिलमध्ये मिल बंद असली की सगळे एनर्जी मीटर बोलायचे, मिल फिरायला लागली की लांबचे गप्प. "साहेब, केबल तर नवीकोरी हाय," इलेक्ट्रिशियन म्हणाला. होतीच. पुरवठा बंद करून ए-बीवर मल्टीमीटर लावला, तर जेमतेम १५ ओहम. हवे होते साठच्या आसपास. रेझिस्टर लाइनच्या फक्त दोन टोकांना लावायचा असतो. इथे सात एनर्जी मीटर आणि लाइन कॉम्प्युटरला जोडणारा कन्व्हर्टर, आठही ठिकाणी ठोकलेला. एवढ्या भाराखाली सिग्नल बसतो आणि मोटरचा वेग बदलणाऱ्या व्हीएफडीचा नॉइज त्याला खाऊन टाकतो. मधले सहा उपटले, चालत्या मिलमध्ये सगळे मीटर बोलू लागले. त्याआधी कन्व्हर्टर बदलून झाला होता, सिग्नलला पुन्हा जोर देणाऱ्या रिपीटरची ऑर्डर निघायच्या बेतात होती. खर्च करायला सगळे तयार, दोन मिनिटं मोजायला कुणी नाही!

लाइन लाल परीसारखी एका मीटरवरून पुढच्या मीटरवर थांबत गेली पाहिजे. जंक्शन बॉक्समधून चारी दिशांना लांब फांद्या काढल्यात, तर टोक कुठलं हेच ठरत नाही.

"दोन वायरचं कम्युनिकेशन" ऐकून तिसरी वायर वाचवू नका. वाळूजला एका शेडमधून दुसऱ्या शेडमध्ये लाइन गेली की दोन्हीकडच्या अर्थिंगमध्ये व्होल्टेजचा फरक पडतो, आणि मीटरमधली साधी आरएस-४८५ चिप उणे ७ ते अधिक १२ व्होल्टपर्यंतच सोसते. म्हणून कॉमनची, म्हणजे दोन्हीकडचा शून्य व्होल्ट जोडणारी, वायर न्याच. शेड वेगळी असेल तर मी आयसोलेटेड, म्हणजे दोन्ही बाजू विजेच्या दृष्टीने वेगळ्या ठेवणारा, कन्व्हर्टरच घेतो. शील्ड, म्हणजे केबलमधलं धातूचं आवरण, मात्र एकाच टोकाला अर्थ करतो.

ही लाइन मोटरच्या केबलबरोबर एकाच ट्रेमध्ये नको. ओलांडायचीच असेल तर काटकोनात.

मिनिटाला एक रीडिंग घ्यायचंय आणि बॉड रेट, म्हणजे डेटाचा वेग, १,१५,२०० कशाला? ९६०० ठेवा, १,२०० मीटर लांबीपर्यंतही निभावतं.

ए आणि बी कंपन्या आपापल्या मर्जीने लिहितात. मीटर बोलत नसेल तर वायरी उलटून बघा, काही जळत नाही.