सागाच्या पानाची स्टोनवेअर बशी

पानाच्या शिरा उठून दिसतात त्या पाठीमागे. त्यामुळे ठसा घेताना पानाची पाठ मातीकडेच हवी. सागाचं पान यासाठी उत्तम, कारण त्याच्या शिरा जाड आणि स्पष्ट असतात. पिंपळाची जाळी फार नाजूक. ती हवी असेल तर ग्रॉग (भाजलेल्या मातीचे कण) नसलेली, बारीक माती घ्या. रबराच्या झाडाच्या गुळगुळीत पानातून जवळजवळ काहीच उमटत नाही.

साधारण २५ सेंमीचं कोवळं पान तोडून तासभर सुकू द्या. थोडं मलूल झालं की ते सपाट बसतं. मधली शीर फार जाड असेल तर देठाकडून थोडी तासा; नाहीतर तिथे माती पातळ होते आणि वाळताना नेमकी तिथेच चिरते.

सव्वा किलो स्टोनवेअर माती (जास्त तापमानाला भाजून टणक होणारी) नीट मळा. कॅनव्हासवर, दोन्ही बाजूंना ७ मिमी जाडीच्या पट्ट्या ठेवून लाटा. दर दोन-तीन फेऱ्यांनी माती उचलून उलटी करा आणि पाव वळण फिरवा. एकाच दिशेने लाटलेली माती भट्टीत वाकडी होते, आणि तो बाक नंतर कशानेही जात नाही. बुडबुडे सुईने फोडा, रबरी किडनीने (मूत्रपिंडाच्या आकाराच्या लवचीक पट्टीने) पृष्ठभाग दाबून घ्या.

पान ठेवा, मधून कडेकडे लाटणं एकदाच फिरवा. दुसऱ्यांदा फिरवलं तर पान सरकतं आणि शिरा दुहेरी दिसतात. सुरी उभी धरून कडेने कापा. कापडासकट उचलून, वर्तमानपत्र अंथरलेल्या खोलगट ताटात बसवा. माती कडेला धरून उचलू नका. कडा ओल्या स्पंजने गोल करा.

पान लगेच ओढून काढू नका. माती चामड्याइतकी घट्ट झाली की त्याची कड सुटते, तेव्हा देठाकडून सोला. अडकलेले तुकडे राहू द्या, भट्टीत जळून जातील. कडा आधी वाळून वर उचलल्या जातात, म्हणून त्यांच्यावर प्लॅस्टिकची पट्टी टाकून सावलीत आठवडाभर वाळवा. पावसाळ्यात दुप्पट वेळ धरा. गालाला गार लागली तर आत अजून पाणी आहे.

पहिली भाजणी ९५०–१००० अंशांपर्यंत. १२० अंशांपर्यंत अगदी सावकाश जा. आतल्या पाण्याची एकदम वाफ झाली की बशी फुटते.

आता सगळ्यात सुंदर काम. १०० मिली पाण्यात १० ग्रॅम लाल आयर्न ऑक्साइड ढवळून पूर्ण ठशावर ब्रशने लावा. वाळल्यावर ओल्या स्पंजने पुसा, स्पंज सतत धुवत राहा. खोलगट शिरांत रंग उरतो, बाकी माती स्वच्छ होते. वरून पारदर्शक ग्लेझचा (भाजल्यावर काचेसारखा होणाऱ्या लेपाचा) एकच पातळ हात द्या. जाड थराने बारीक शिरा बुजतात, आणि एवढी मेहनत वाया जाते. तळ आणि त्यावरची ३ मिमी कड कोरडी ठेवा, नाहीतर बशी भट्टीतल्या शेल्फला चिकटेल.

दुसरी भाजणी माती आणि ग्लेझ दोन्ही ज्या तापमानाची असतील त्यालाच. स्टोनवेअरला साधारण १२००–१३०० अंश. बशी सुमारे १२ टक्के आकसते, म्हणजे २५ सेंमीचं पान २२ सेंमीचं होतं. भट्टी १०० अंशांखाली आल्यावरच उघडा.