पट्ट्यांचे अर्धवट क्विल्ट पुरे करताना या चुका टाळा

वर्षानुवर्षे कपाटात पडलेले क्विल्ट एकदाचे पुरे करायला बसणाऱ्या बहुतेक जणी पिशवी उघडताच मशीनकडे धावतात, आणि पुढचा सगळा घोळ तिथेच सुरू होतो. अडीच इंच रुंदीच्या आयत्या कापलेल्या सुमारे चाळीस पट्ट्यांची गुंडाळी, जिला जेली रोल म्हणतात, ती हाती आली की कापण्याचे काम वाचले म्हणून मोजण्याचेही वाचले, असा समज होतो. तो चुकीचा आहे, आणि मधे काही वर्षे गेली असतील तर अधिकच चुकीचा आहे.

माझेच सांगते. मी 2014 मध्ये चाळीस पट्ट्यांचे क्विल्ट सुरू केले होते. चार-चार पट्ट्या जोडून त्यांचे चौकोन कापायचे आणि एक उभा, एक आडवा असे मांडायचे, इतका साधा नमुना होता. निम्म्या पट्ट्या आईच्या काळ्या पायमशीनवर जोडून झाल्या आणि काम थांबले, ते थेट 2022 मध्ये विजेच्या नव्या मशीनवर पुन्हा सुरू झाले. जुन्या चौकोनांवर साधी टेपही न लावता मी उरलेल्या पट्ट्या जोडल्या, चौकोन कापले, आणि ओळी जोडताना जुन्या-नव्यांच्या कडा जुळेनात तेव्हा जुना चौकोन ओढून आणि नवा किंचित चुण्या घालून बसवला. तीन ओळी झाल्यावर कापड जमिनीवर पसरले, तर मधोमध पापडासारखे फुगवटे आले होते.

कारण अगदी क्षुल्लक होते. पट्टी जोडताना पाव इंच, म्हणजे दोन सूत मार्जिन (कापडाच्या कडेपासून शिवणीपर्यंतचे अंतर) धरायचे असते. जुन्या मशीनवर मी सुईजवळ कापड दाबून धरणाऱ्या पायाच्या कडेला कापड लावून शिवत असे आणि तिथे मार्जिन अर्धे सूत जास्त पडत होते. चार पट्ट्यांच्या तीन जोडांत दोन्ही बाजूंचे मिळून अर्धे सूत सहा वेळा जाते, म्हणून साडेआठ इंचांचा चौकोन आठ इंच एक सुतावर आला होता. एका चौकोनात तीन सूत हा फरक डोळ्यांना दिसत नाही, पण आठ चौकोनांच्या ओळीत तो तीन इंच होतो. गोधडीत तुकडा तुकड्यावर चढवून धावदोरा घालता येतो, त्यामुळे बोटभर चूक पोटात जाते; इथे कडेला कड भिडते आणि चूक पुढच्या जोडाच्या गळ्यात पडते.

शेवटी चार संध्याकाळी उसवण्यात गेल्या आणि मग सगळे चाळीस चौकोन जुन्या मापावर, आठ इंच एक सुतावर छाटले. क्विल्ट तीन इंचांनी आखूड झाले, पण सपाट बसले. तेव्हापासून जुने काम हाती घेतले की मी आधी पाच-सहा तुकडे मोजते, सर्वांत लहान तुकड्याचे माप सगळ्यांना लावते, आणि टाकाऊ कापडाच्या तीन पट्ट्या जोडून मधली पट्टी बरोबर दोन इंच उरते का, ते पाहिल्याशिवाय खऱ्या पट्टीला हात लावत नाही. पट्टीची कड दातेरी असते. माप दातांच्या टोकापासून धरायचे की खाचेपासून, तेही याच वेळी ठरवून टाकावे. काम थांबवताना कोणते मशीन, कोणता पाय आणि किती मार्जिन, हे चिठ्ठीवर लिहून ती चिठ्ठी कापडाला दोऱ्याने टाचून ठेवावी.

दोऱ्यानेच, टाचणीने नव्हे, कारण दुसरी चूक तीच आहे. आमच्याकडच्या पावसाळी दमटपणात कापडात राहिलेली टाचणी गंजते आणि भोकाभोवती तपकिरी ठिपका सोडून जाते. माझ्या पट्ट्यांवर असे अकरा ठिपके होते. अशा वेळी घाईने क्लोरीनचे ब्लीच वापरणाऱ्यांना मी हात जोडते, कारण त्याने गंजाचा डाग जात नाही, उलट पक्का होतो. लिंबाचा रस आणि मीठ लावून उन्हात ठेवल्यास डाग पुष्कळसा फिका होतो, मात्र त्याने कापडाचा रंगही उतरू शकतो, म्हणून आधी चिंधीवर पाहावे.

पट्ट्या जोडण्यापूर्वी धुऊ नयेत. त्या आटतात, उसवतात आणि त्यांचा गुंता होतो. इस्त्री ओढू नये, उचलून दाबावी. लांब पट्ट्या सगळ्या एकाच टोकाकडून शिवत गेल्यास कापड धनुष्यासारखे वाकते, तेव्हा प्रत्येक जोडाला दिशा बदलावी. बॉर्डरची लांबी कडेवर मोजू नये, कारण कड ताणलेली असते. क्विल्टच्या मधोमध मोजावी आणि तेवढीच पट्टी कापावी.

वरचे जोडलेले कापड, मधली बॅटिंग म्हणजे भरणीचा थर आणि खालचे कापड हे तिन्ही थर जोडताना गोधडीची सवय आड येते. आपल्याकडच्या पुष्कळ गोधड्या कडेपासून आत शिवत नेतात. मशीनवर तसे केल्यास सगळे सैल कापड मध्यभागी गोळा होते, म्हणून तिथे मधूनच सुरुवात करावी आणि बाहेर जावे. बॅटिंगच्या पाकिटावर दोन टिपांमध्ये जास्तीत जास्त किती अंतर चालेल ते छापलेले असते. ते न वाचता चार टिपांत काम उरकणाऱ्यांची बॅटिंग धुण्यात गोळा होते, आणि दोष मात्र बॅटिंगला दिला जातो. थर टाचायला गोंदाचा फवारा झटपट वाटतो. मी मुठीएवढ्या अंतरावर सेफ्टी पिना लावते, आणि त्यात दुपार जाते, तर जाऊ देते.

राहता राहिला गोट, म्हणजे कडेवर दुमडून शिवायची पट्टी. शिंपीकाम शिकलेल्यांना तो उरेबच, म्हणजे तिरका कापलेलाच लागतो असे वाटते, पण क्विल्टच्या कडा सरळ असतील तर सरळ कापलेली, अडीच इंचांची दुमडलेली पट्टी पुरते. माझ्या क्विल्टचा घेर सुमारे 198 इंच भरला. तिरके जोड आणि कोपरे धरून त्याला 42 इंचांच्या सहा पट्ट्या लागल्या, आणि गुंडाळीतली एकही उरलेली नसल्यामुळे त्या मी गडद निळ्या सुती कापडातून नव्याने कापल्या. निळा रंग सुटतो का, हे ओल्या पांढऱ्या फडक्याने घासून आधी पाहिले होते.