चोवीस तासांत ‘भरीतचोर’: चिठ्ठ्यांचा खेळ ऑनलाइन कसा आणायचा

राजा-राणी-चोर-शिपाई खेळलेल्या माणसाला हा खेळ अर्धा आधीच येतो. १९८६ मध्ये दिमित्री डेव्हिडॉफने मॉस्कोत ‘माफिया’ हा खेळ रचला, २०२० च्या टाळेबंदीत ‘अमंग अस’ हा तसाच खेळ पोरापोरांच्या मोबाइलवर गेला. गाभा तोच: थोड्यांना खरं माहीत, बाकीचे तोंडाकडे बघून ओळखणार. जळगावच्या एका हॅकेथॉनला (चोवीस तासांत काहीतरी बनवून दाखवायची स्पर्धा) आम्ही भुसावळच्या तिघींनी त्याची भरीत पार्टी केली. शेतात पऱ्हाट्यांवर वांगी भाजताहेत आणि सात जणांतले दोन चोर आहेत. रात्री चोर ज्याची वांगी पळवतील तो बाद. दिवसा सगळे मत देऊन एकाला हाकलणार. चोर नि साव सारखे उरले की चोर जिंकले.

पहिला तास लॅपटॉप उघडू नका. चिठ्ठ्या फाडा आणि खेळा. पाच जणांत दोन चोर ठेवले तर पहिल्याच रात्री खेळ खलास, हे आम्हाला तिथेच कळलं. मतं बरोबरीत सुटली तर काय, हेही तिथेच ठरलं: कुणीच जात नाही.

मग नोड (सर्व्हरवर जावास्क्रिप्ट चालवणारं साधन) आणि सॉकेट डॉट आयओ (सर्व्हर आणि मोबाइलमध्ये लगेच निरोप पोचवणारी लायब्ररी). डेटाबेसच्या नादी लागू नका, खोल्या, म्हणजे एकत्र खेळणारे गट, सर्व्हरच्या मेमरीतच ठेवा. खोलीचा कोड चार आकडी. अक्षरं घेतली की ‘ओ’ की शून्य यावरच भांडण. खेळाची अवस्था एकाच जागी लिहा: जमवाजमव, रात्र, चर्चा, मतदान, निकाल. कुठलाही निरोप आला की सर्व्हरने तीन गोष्टी तपासायच्या. हा खेळाडू अजून आत आहे का, आत्ता ही अवस्था आहे का, याने आधीच मत दिलंय का. घड्याळही सर्व्हरचंच.

आता चिठ्ठ्या, म्हणजे कोण चोर नि कोण साव ते. आमची मोठी चूक इथेच झाली. सगळ्या खेळाडूंची यादी भूमिकांसकट सगळ्यांना पाठवली आणि स्क्रीनवर फक्त लपवली. शेजारच्या टीमच्या पोराने ब्राउझरचं नेटवर्क टॅब (सर्व्हरकडून काय आलं ते दाखवणारं) उघडलं आणि दोन मिनिटांत म्हणाला, “ताई, चोर तूच शे ना?” चिठ्ठी ज्याची त्यालाच जायला हवी: प्रत्येकाच्या सॉकेटवर (सर्व्हरशी असलेल्या त्याच्या जोडणीवर) वेगळा निरोप, आणि सगळ्यांना जाणाऱ्या यादीत भूमिकेचा रकानाच नको. चिठ्ठ्या पिसायला फिशर-येट्स ही पद्धत वापरा. यादी क्रमाने लावणाऱ्या सॉर्टमध्ये रँडम घालून पिसलं तर वाटप समान होत नाही.

दुसरी गळती कोडमध्ये नव्हतीच. एकाच हॉलमध्ये बसून खेळताना रात्री फक्त चोरांच्या अंगठ्याची हालचाल दिसायची. म्हणून रात्री प्रत्येकाला काहीतरी दाबायला लावा. आम्ही सावांना “उद्या कुणावर संशय?” विचारलं. त्या उत्तरांचा निकालाशी काही संबंध नाही, पण अंगठे सगळ्यांचेच हलतात.

मोबाइलची स्क्रीन बंद झाली की सॉकेट तुटतो, आणि परत जोडल्यावर त्याचा आयडी नवा असतो. त्यामुळे खेळाडूची ओळख सॉकेटच्या आयडीवर बांधू नका. आत येताना एक टोकन (ओळखीचा कोड) द्या, ते लोकल स्टोरेजमध्ये (ब्राउझरच्या स्वतःच्या साठ्यात) ठेवा, आणि परत आलेल्याला त्याची जुनी खुर्ची द्या. पण याच टोकनने आम्हाला रात्री दोन वाजता रडवलं: एका ब्राउझरच्या सहा टॅबमध्ये लोकल स्टोरेज एकच, म्हणून सहाही खेळाडू मीच! चाचणीपुरतं सेशन स्टोरेज वापरा. ते टॅबागणिक वेगळं असतं.

रंगरंगोटी शेवटी. आमच्याकडे एक वांगं, एक चूल आणि दोन बटणं, बस.

सादरीकरणाला कॉलेजच्या वायफायवर विसंबू नका. अनेक ठिकाणी त्यावरची उपकरणं एकमेकांशी बोलू शकत नाहीत, मग लॅपटॉपवरचा सर्व्हर कुणालाच दिसत नाही. एका मोबाइलचा हॉटस्पॉट तयार ठेवा. फुकटच्या होस्टिंगवर टाकलं असेल तर ते झोपतं. पाच मिनिटं आधी स्वतः उघडून जागं करा. स्लाइड्स दाखवण्यापेक्षा क्यूआर कोड लावा आणि परीक्षकांनाच खेळायला बसवा. आमच्या फेरीत नऊ जण होते. एक परीक्षक मॅडम चोर होत्या आणि शेवटपर्यंत त्यांच्यावर एकही मत पडलं नाही.